लग्नाआधी सिकलसेलची तपासणी सक्तीची हवी का?

कडुलिंब
सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. विदर्भात ही मागणी अधूनमधून होते. ऐकायला शहाणपणाची वाटते, पण सरकार लग्नाआधी रक्त बघायला लागलं की मला कॅरी बक आठवते. व्हर्जिनिया राज्याने या तरुणीला 'मंदबुद्धी' ठरवलं आणि १९२७ मध्ये तिची नसबंदी केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने मान्यता दिली. न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं, मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. यातली तिसरी पिढी म्हणजे कॅरीची चिमुरडी मुलगी. ती पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली! कॅरीला ती झाली होती बलात्कारातून. जर्मनीने १९३३ साली नसबंदीचा कायदा केला, त्यात चारेक लाख माणसं भरडली गेली. सुरुवात दोन्हीकडे 'निरोगी समाज' म्हणूनच झाली. सक्तीला माझा ठाम विरोध.

रानवाट
असहमत. मी तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर आहे. आईबाप दोघं वाहक (एएस, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले, सहसा स्वतः आजारी नसलेले) असले तर दर गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे आजारी, असण्याची शक्यता चारात एक. हाडं फुटताहेत असं वाटणारी कळ घेऊन आलेलं चार वर्षांचं पोर कधी पाहिलंय का? कॅरीला सरकारने पुढे मूल होऊ दिलं नाही. इथे फक्त माहिती द्यायची आहे, निर्णय जोडप्याचाच. सायप्रसमध्ये चर्चमध्ये लग्न लावायला थॅलेसेमिया (असाच आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) तपासल्याचं प्रमाणपत्र लागतं. निकाल काहीही असो, लग्न लागतं. तिथे आजारी बाळं जन्माला येणं जवळपास थांबलंय.

टवाळ_टोळ
छत्तीस गुणांत आता सदतिसावा. नाडीदोष 'रक्ताचाच असतो' म्हणणारे काका खूश होणार.

तर्कट
रानवाट, सायप्रसमधली बाळं कमी झाली ती लग्नं मोडून नव्हे, मुख्यतः गर्भतपासणी आणि गर्भपातामुळे. ते चूक असं मी म्हणत नाही, पण मग तसं स्पष्ट बोला. गडचिरोलीतल्या बाईला दहा-बारा आठवड्यांत वारेचा तुकडा तपासून कोण देणार? ती सोय नसेल तर सक्तीच्या रिपोर्टने एकच होईल, मुलगी नाकारली जाईल. ग्रीसमधल्या ऑर्खोमेनोसमध्ये १९७० च्या दशकात हेच दिसलं. वाहक शोधले, समुपदेशन केलं, तरी वाहकांची आपसातली लग्नं कमी झाली नाहीत. वाहकपणाला कलंक मात्र चिकटला, काहींनी तो लपवला.

कडुलिंब
+१. आणि 'आपल्याकडे जबरदस्ती होणार नाही' हा भाबडेपणा सोडा. १९७६ साली आपल्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता जमत नाही आणि दिवस जाण्याची भीती. बाहेर ओरड झाली तेव्हा थांबलं.

रानवाट
शिरूर भयानकच होतं. पण त्या मुलींना कोणी काही विचारलंच नव्हतं. मी विचारण्याआधी माहिती द्या म्हणतोय. नाझींच्या धाकाने रक्ततपासणीच टाळायची म्हणजे एसएस बाळांचा भार पुन्हा आदिवासी आणि दलित आयांवरच.

मोहफूल
मी स्वतः एसएस. तुम्ही दोघंही माझ्याबद्दल बोलताय, म्हणून लिहिते. मला मूल हवं झालं तर मी नवऱ्याचं रक्त तपासून घेईन, गर्भाचीही तपासणी करेन. माझ्यासारखा क्रायसिस, म्हणजे असह्य कळांचा झटका, त्याला नको. यात मला कसलीही लाज वाटत नाही, आणि कोणी मला नाझी म्हणू नये. पण माझ्यासारख्या जन्मूच नयेत यासाठी शिबिरं, फलक, कार्डं. आणि मी हायड्रॉक्सियुरिया (कळांचे झटके कमी करणारं औषध) मागायला गेले की 'संपलंय, पुढच्या आठवड्यात या'. २०१६ च्या अपंगत्व कायद्यात सिकलसेल आहे, तरी प्रमाणपत्रासाठी खेटे घालावेच लागतात. आधी जिवंत आहेत त्यांना औषध द्या, मग तुमच्या तपासणीवर माझा विश्वास बसेल.

आणि रानवाट, तपासणी लग्न ठरताना नको. तेव्हा रिपोर्ट सासरच्यांच्या हातात जातो. अकरावी-बारावीत, विचारून करा, आणि कागद त्या मुलीच्याच हातात द्या.

रानवाट
कॉलेजातल्या तपासणीला माझी हरकत नाही. पण आमच्याकडच्या निम्म्या मुली दहावीच्या पुढे जातच नाहीत. त्यांचं काय करायचं ते सांगा.