मेल सर्व्हर बंद पडलाय, १९ दिवसांचा बॅकअप नाही. डिस्कवर एफएससीके (फाइलसिस्टिम दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) चालवू द्यायचं का?

स्टोअर्स_भोसरी
शुक्रवार, सकाळी ११:२०

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचा मशीनिंगचा कारखाना आहे, मेल वापरणारे ३४ जण. मी मुळात स्टोअर्स आणि खरेदी बघते. आधीचा मुलगा नोकरी सोडून गेला तेव्हापासून सर्व्हरही माझ्याकडेच आहे.

काल गुरुवार, आमची सुट्टी. दुपारी लाईट गेली, यूपीएसनं साथ दिली नाही आणि आज सकाळपासून सर्व्हर चालू होत नाहीये. उबुंटूवर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा) आणि डव्हकॉट (साठवलेले मेल लोकांना दाखवणारा) आहे, मेल मेलडिर पद्धतीच्या फोल्डरांमध्ये, साधारण ४१० जीबी. दोन डिस्कचा रेड-१ आहे, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, म्हणून मी निर्धास्त होते. सर्व्हिसवाल्या मुलानं पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून बघितलं, तर एक डिस्क जोडीतून कधीच बाहेर पडलेली. तिच्यावरची शेवटची नोंद मे महिन्यातली आहे. दुसरी डिस्क दिसते, पण वाचताना मध्येच अडकते.

रोज रात्री आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमनं नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीवर) कॉपी जायची. नॅस भरला आणि १९ दिवसांपासून काहीच गेलेलं नाही.

तो मुलगा म्हणतो, "मॅडम, एफएससीके मारतो, दहा मिनिटांत उठेल." माझं मन होत नाहीये. शिवाय चाकणच्या एका ग्राहकाचे सुधारित ड्रॉइंग आज मेलवर यायचे होते, ते परत गेले असतील का? आणि नॅसवरचा जुना बॅकअप टाकला तर मधल्या १९ दिवसांचे मेल पुसले जातील का?

---

रात्रपाळी
शुक्रवार, सकाळी ११:४१

ताई, एफएससीके नको. त्याला थांबवा, मशीन बंद करा, दोन्ही डिस्क काढून त्यांवर चिठ्ठ्या लावा: एकीवर "मे", दुसरीवर "काल". मग पुढचं वाचा.

एफएससीकेचं काम फाइलसिस्टिमची रचना सरळ करणं, तुमचा डेटा वाचवणं नव्हे. एखादं फोल्डर वाचता आलं नाही तर त्यातल्या फाइली तो लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये नुसते आकडे देऊन टाकतो. मेलडिरमध्ये एक मेल म्हणजे एक फाइल, आणि मेल वाचला की नाही, उत्तर दिलं की नाही ही माहिती त्या फाइलच्या नावातच असते. नाव गेलं की फाइल कुणाची, कुठल्या फोल्डरमधली, हेही गेलं. आणि हे सगळं तो आजारी डिस्कवरच लिहीत बसणार.

"मे" डिस्क पुन्हा जोडीत घालू नका. ती जोडली की सिंक सुरू होतं, म्हणजे आजारी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते आणि मेपर्यंतची चांगली प्रतही पुसली जाते. ती प्रत आज तुमच्यासाठी सोन्यासारखी आहे.

आता आधी येणाऱ्या मेलचं बघू, कारण तिथं घड्याळ चालू आहे. तुमचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. मेल पाठवण्याच्या पद्धतीचं, एसएमटीपीचं, मानक, आरएफसी ५३२१, सांगतं की निदान ४-५ दिवस प्रयत्न सोडू नयेत. पोस्टफिक्स मुळात ५ दिवस थांबतो. पण सगळे इतके धीराचे नसतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज मेल सर्व्हरची मूळ मुदत २ दिवसांचीच आहे, आणि तुमचा चाकणचा ग्राहक तोच वापरत असू शकतो. काल दुपारपासून धरलं तर उद्या दुपारपर्यंतच वेळ आहे. ड्रॉइंग बहुधा अजून त्यांच्याकडच्या रांगेत आहेत.

म्हणून आज संध्याकाळच्या आत एखाद्या साध्या पीसीवर पोस्टफिक्स टाका आणि राउटरवरून पोर्ट २५ (येणाऱ्या मेलचं दार) तिकडे वळवा. त्यानं फक्त मेल घ्यायचे आणि साठवायचे. ३४ जणांचे पत्ते तुमच्या हजेरीच्या यादीतून मिळतील. सेल्स, खरेदी, अकाउंट्स असे सामायिक पत्ते विसरू नका, नेमके तेच राहतात. आणि सुरू करण्यापूर्वी सॉफ्ट बाउन्स चालू करा, म्हणजे यादीत एखादा पत्ता राहिला तरी मेल कायमचा नाकारला जात नाही, पाठवणारा नंतर पुन्हा प्रयत्न करतो. हे मी कळकळीनं सांगतोय. बंद सर्व्हरमुळे मेल नुसता उशिरा येतो. अर्धवट उठलेला सर्व्हर मात्र "असा पत्ताच नाही" म्हणून तो तिथल्या तिथे परत पाठवतो. एका ठिकाणी मी हे होताना बघितलंय. सर्व्हर बंद होता त्या दिवसांत एकही मेल गेला नाही, जे गेले ते सर्व्हर सुरू झाल्यावरच्या तासाभरात.

आता "काल" डिस्क. तिच्याएवढी किंवा मोठी नवी डिस्क आणा आणि डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमनं पूर्ण प्रत काढा, मॅपफाइल (कुठवर वाचलं त्याची नोंद) देऊन. तो आधी जे सहज वाचता येतं ते उचलतो, अडणारे भाग बाजूला ठेवून शेवटी त्यांच्याकडे वळतो. मध्ये थांबवलं तरी मॅपफाइलमुळे तिथूनच पुढे सुरू होतं. डिस्क टकटक आवाज करायला लागली तर त्या क्षणी बंद करा आणि डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये न्या. प्रत नीट निघाली तर तिची आणखी एक प्रत काढा. एफएससीके चालवायचाच असेल तर त्या दुसऱ्या प्रतीवर.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पाया नव्या प्रतीचा, नॅस फक्त भोकं बुजवायला. उलटं करू नका. जे सेक्टर वाचता आले नाहीत तिथं प्रतीत शून्यं भरलेली असतात, त्यामुळे फाइल जागेवर दिसते पण आतून पोकळ असते. मेलच्या फाइलीत सहसा शून्य बाइट नसतोच, म्हणून तो असलेल्या फाइली शोधून काढा आणि तेवढ्याच नॅसवरून घ्या. नॅसवरून कॉपी करताना आरसिंकचा डिलीट पर्याय चुकूनही लावू नका.

डव्हकॉटच्या इंडेक्स फाइली गेल्या तर जाऊ द्या, त्या पुन्हा बनतात. यूआयडीलिस्ट (मेलच्या क्रमांकांची यादी) मात्र जपा. ती नसेल तर प्रत्येकाचं आउटलुक आणि थंडरबर्ड सगळे मेल नवे समजून पुन्हा उतरवायला लागेल. ४१० जीबी, ३४ मशीन, एकाच वेळी.

---

कोथरूडकर_अॅडमिन
शुक्रवार, दुपारी १२:३०

वरचं सगळं पटलं. फक्त एक गोष्ट आजच, जेवणाच्या सुट्टीआधी करा: सगळ्यांना फोनवर सांगा की आउटलुक उघडू नका. आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) असलेल्यांच्या लॅपटॉपवर त्या १९ दिवसांचे मेल अजून आहेत. पण सर्व्हर रिकामा किंवा जुना होऊन समोर आला की आउटलुक त्याच्याशी जुळवून घेतं आणि लॅपटॉपवरची प्रतही जाते. आधी वायफाय बंद, मग मेलची फाइल पेन ड्राइव्हवर, मग बाकीचं. कुणी पीओपी वापरत असेल तर आणखी चांगलं, त्यांचे मेल त्यांच्या मशीनवरच असतात. आमच्या शिक्षणसंस्थेत जुन्या रजिस्ट्रार बाईंच्या पीसीमुळे दोन वर्षांचा पत्रव्यवहार परत मिळाला होता.

आणि रेड किंवा सिंक म्हणजे बॅकअप नाही, हे मोठमोठ्यांच्याही वाट्याला आलंय. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या एका दोषानं जीमेलच्या काही खात्यांतले मेल गायब झाले, आणि तेही एकाहून जास्त डेटासेंटरमधल्या प्रतींमधून. गूगलनं ते परत आणले टेपवरून, कारण टेप ऑफलाइन होत्या आणि दोष तिथवर पोचला नव्हता. तुमच्याकडेही एक प्रत अशी हवी जी कुठल्याच तारेला जोडलेली नाही.

---

आंबिलओढा
शुक्रवार, दुपारी २:०५

ती न जोडलेली प्रत इमारतीबाहेर ठेवा, एवढंच सांगायला लिहितोय. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी आमच्या अरण्येश्वरच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात शिरलं. सर्व्हर खाली होता, बॅकअपची डिस्क त्याच कपाटात वरच्या खणात. सकाळी दोन्हींमध्ये चिखल होता. त्यानंतर दर शनिवारी एक डिस्क माझ्या बहिणीकडे औंधला जाते आणि आधीची परत येते. तुम्हाला काही मदत लागली तर मी रविवारी येऊ शकतो, मनापासून सांगतो.

---

स्टोअर्स_भोसरी
रविवार, रात्री १०:१५

तुम्हा तिघांना काय म्हणू कळत नाही. सांगते काय झालं ते.

शुक्रवारीच तपकीर गल्लीतून दोन डिस्क आणल्या. डिस्पॅचच्या जुन्या पीसीवर पोस्टफिक्स संध्याकाळी ६:४० ला सुरू झाला आणि ७:१५ ला चाकणचा मेल ड्रॉइंगसकट त्यात येऊन पडला. मी साहेबांना तसाच फोन केला.

डीडीरेस्क्यूला १७ तास लागले. मी रात्री दोनपर्यंत बसले होते, मग वॉचमनकाकांना पडद्यावरचा कोणता आकडा बघायचा ते दाखवून घरी गेले. शेवटी अगदी थोडा भाग राहिला. पोकळ फाइली ६१ निघाल्या. त्यातल्या ५२ नॅसवर होत्या, ६ लॅपटॉपवर सापडल्या. ३ राहिल्या, त्या कुणाच्या ते नावावरून कळलं, ज्यांच्या होत्या त्यांना सांगितलंय. यूआयडीलिस्ट सगळ्यांची शाबूत आहे. वापरकर्त्यांचा डेटाबेसही प्रतीत मिळाला. तो नॅसवर कधी जातच नव्हता, फक्त मेलचं फोल्डर जायचं. डीकेआयएमची (जाणाऱ्या मेलवर सही करायची) चावीही तशीच, तिचा कुणी विचारच केला नव्हता. आता पोस्टफिक्स-डव्हकॉटच्या सेटिंगसकट सगळं जातंय. रूटचे, म्हणजे सर्व्हर स्वतः पाठवतो ते सूचनांचे, मेलही आता माझ्या फोनवर येतात. ते वाचताना कळलं की डिस्क गेल्याची सूचना मेपासून तिथं पडून होती, नॅस भरल्याचीही.

दोन गोष्टी अडल्यात. पाच-सहा जणांना काही मेल दुहेरी दिसतायत. आणि पोस्टफिक्सच्या रांगेत गुरुवारी बाहेर जायचे राहिलेले मेल आहेत, ते नव्या मशीनवर तसेच कॉपी करू का?

---

रात्रपाळी
रविवार, रात्री १०:५०

फार छान केलंत ताई. त्या मुलाला थांबवलंत, तिथंच निम्मं काम झालं होतं.

दुहेरी मेल नॅसमुळे आलेत. नवा आलेला मेल "न्यू" मध्ये असतो, मेलबॉक्स उघडला की "कर" मध्ये जातो आणि नावाला शेपूट लागतं, म्हणून आरसिंकला तो वेगळा वाटला. डव्हकॉटच्या डव्हएडीएममध्ये डीडुप्लिकेटची (दुहेरी मेल काढायची) आज्ञा आहे, ती मेसेज-आयडीवरून (मेलच्या ओळख-क्रमांकावरून) जुळवायला सांगा. आधी एका खात्याच्या प्रतीवर करून बघा, पाठवलेल्या मेलचं फोल्डर उघडून मोजा, मग बाकीची खाती.

रांगेतल्या फाइली कॉपी करता येतात, पण पोस्टफिक्स बंद ठेवून. त्या फाइलींची नावं डिस्कवरच्या आयनोड क्रमांकाशी (फाइलसिस्टिम प्रत्येक फाइलला देते तो) बांधलेली असू शकतात. म्हणून सुरू करण्याआधी पोस्टफिक्सचाच पोस्टसुपर एकदा एस पर्यायानं चालवा, तो नावं जुळवून देतो. आणि त्या आधी रांग उघडून बघा. शुक्रवारी लोकांनी तेच मेल खासगी जीमेलवरून पाठवले असतील, तर खरेदीची एकच ऑर्डर दोनदा जाईल. खरेदी तुमच्याकडेच आहे, तुम्हाला बघताक्षणी कळेल.