विषय शोधू नका, कामातून उचला
क्लायंटसाठी मजकूर लिहिणाऱ्यांची एक तक्रार असते: सोशल मीडियावरच्या स्वतःच्या पोस्टचं महिन्याचं कॅलेंडर केलं तरी ते दुसऱ्याच आठवड्यात कोलमडतं, कारण क्लायंटचं काम मध्ये येतं. माझंही तेच व्हायचं. दोष कॅलेंडरचा नव्हता, रोज पोस्ट टाकायच्या हट्टाचा होता. आता आठवड्याला दोनच टाकते, पण चुकवत नाही.

विषय शोधत बसत नाही, ते कामातच पडलेले असतात. क्लायंटने नाकारलेली हेडलाइन, 'जरा कॅची करा ना' या सूचनेचा मी लावलेला अर्थ, एकाच वाक्याचं आधीचं आणि नंतरचं रूप. (ब्रँडचं नाव काढून. करारात गोपनीयतेची अट असेल तर उदाहरणच नवं रचून.) सुचलं की लगेच फोनमध्ये टिपून ठेवते. शुक्रवारी दोन तास बसून त्यातल्या चार नोंदींच्या पोस्ट लिहिते आणि शेड्यूल करते. पुढचे दोन आठवडे निवांत.

एकच मजकूर सगळीकडे चिकटवू नका मात्र. एक्सच्या फुकट खात्यावर मर्यादा २८० अक्षरांची, इन्स्टाग्राम कॅप्शनला २,२००, लिंक्डइनला ३,०००. त्यातही लिंक्डइनवर पूर्ण पोस्ट उघडण्याआधी दिसतात त्या पहिल्या दोन-तीन ओळीच. माझा निम्मा वेळ त्यांच्यावरच जातो.