टॅप केलं की भलतंच होतं : ८० पुढच्या आजींचा फोन कसा लावून द्यावा?

पैलतीर:
आजींच्या हातात अँड्रॉइड फोन आहे. हात किंचित थरथरतात, बोटं कोरडी, ऐकू कमी येतं, कानाला मशीन आहे. अडचणी अशा : आयकॉनवर टॅप केलं की ॲप उघडण्याऐवजी आयकॉनच हलतो किंवा मेनू येतो. कधी टच लागतच नाही. बोलता बोलता फोन कट होतो. मध्येच फोन आपोआप बोलायला लागतो आणि मग काही केल्या उघडत नाही. आवाज पूर्ण असूनही रिंग ऐकू येत नाही. ज्येष्ठांसाठीचा मोठ्या बटणांचा लाँचर (होम स्क्रीनचं रूप बदलणारं ॲप) टाकला तर सुटेल का हे सगळं?

कोरा कागद:
लाँचरने चित्रं मोठी होतील, बाकी जैसे थे. तो फक्त दिसणं बदलतो. बोटाचा स्पर्श फोन कसा वाचतो ते सेटिंगमध्ये ठरतं.

टॅपचा मेनू का होतो? बोट स्क्रीनवर साधारण अर्ध्या सेकंदाच्या आसपास राहिलं की फोन त्याला 'दाबून धरलं' असं समजतो. वय वाढलं की बोट उचलायला तेवढा वेळ सहज लागतो. सेटिंग्ज > ॲक्सेसिबिलिटी मध्ये 'टच अँड होल्ड डिले' शोधा (काही फोनमध्ये ते आणखी एका उपमेनूत असतं) आणि 'लाँग' करा, म्हणजे सुमारे दीड सेकंद. थरथरीमुळे एकाचे दोन टॅप होत असतील तर काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'इग्नोर रिपीटेड टचेस' असतं. त्याची वेळ अगदी थोडी ठेवा, नाहीतर नंबर डायल करताना लागोपाठचे दोन सारखे आकडे उमटणार नाहीत आणि फोन बिघडला असं वाटेल. होम स्क्रीनचं लेआउट लॉक करायची सोय असेल तर तेही करून टाका.

टच न लागण्याचं कारण बहुतेक वेळा कोरडी त्वचा. ही स्क्रीन दाब ओळखत नाही, बोटातून होणारा विद्युतभारातला बदल ओळखते. त्यामुळे जोरात दाबून उपयोग नाही, आणि नखाने तर काहीच होत नाही. बोटाचा मऊ भाग टेकवायला सांगा. जाड स्क्रीनगार्ड असेल तर काढा किंवा डिस्प्ले सेटिंगमध्ये 'टच सेन्सिटिव्हिटी' असल्यास चालू करा. तरीही जमलं नाही तर रबरी टोकाचा साधा स्टायलस (स्क्रीनवर टेकवायचं पेन) वापरा.

शिवाय खालून वर स्वाइप करायची पद्धत बंद करून तीन बटणांचं नेव्हिगेशन (स्क्रीनच्या तळाशी मागे, होम वगैरे बटणं) लावा. थरथरत्या हाताला स्वाइपपेक्षा बटण केव्हाही सोपं.

झरोका:
आपोआप बोलणारा फोन म्हणजे टॉकबॅक, कमी दिसणाऱ्यांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारी सोय. दोन्ही व्हॉल्यूम बटणं एकत्र ३ सेकंद दाबली गेली की तो चालू होतो (हा शॉर्टकट चालू असेल तर), आणि फोन मुठीत घट्ट धरला की हेच घडू शकतं. टॉकबॅकमध्ये एका टॅपने गोष्ट फक्त निवडली जाते, उघडायला डबल टॅप लागतो आणि सरकवायला दोन बोटं. म्हणून 'काहीच उघडत नाही'. पुन्हा तीच दोन बटणं ३ सेकंद दाबा, बंद होईल. मग ॲक्सेसिबिलिटी > टॉकबॅक मध्ये जाऊन शॉर्टकटच काढून टाका.

फोन कट होण्याची कारणं सहसा दोन. ॲक्सेसिबिलिटीत 'पॉवर बटणाने कॉल संपवा' चालू असेल आणि पकडताना ते बटण दाबलं जात असेल, तर ते बंद करा. दुसरं म्हणजे फोन कानाला लावल्यावर स्क्रीन बंद करणारा सेन्सर स्क्रीनगार्डमुळे किंवा मळामुळे नीट काम करत नसतो. मग बोलताना स्क्रीन चालूच राहू शकते आणि गालाने लाल बटण दाबलं जातं.

पैलतीर:
टॉकबॅकच होता, बंद झाला! आता रिंगचं सांगा. आणि पडल्यावर कळवणारं घड्याळ घ्यावं का?

मंद्रसप्तक:
वयाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. किणकिणणाऱ्या रिंगटोन नेमक्या त्याच पट्टीत असतात, म्हणून आवाज कितीही वाढवला तरी उपयोग होत नाही. खालच्या पट्टीतली, ढोलकी किंवा घोगऱ्या आवाजाची रिंग लावा. (धुराचा अलार्मही तपासा. नेहमीचे सुमारे ३००० हर्ट्झवर वाजतात, ५२० हर्ट्झचे वेगळे मिळतात.) अँड्रॉइड १४ पासून कॉल आल्यावर कॅमेऱ्याचा फ्लॅश लुकलुकवता येतो.

कानाचं मशीन ब्लूटूथवालं असेल तर एक फसगत ठरलेली : डबीत ठेवलेलं मशीन चालूच राहतं आणि बोलण्याचा आवाज तिकडे जातो. फोन उचलला, पण पलीकडचं काही ऐकू येत नाही. ठेवताना बॅटरीचं दार उघडं ठेवावं. चार्जिंगचं असेल तर चार्जरमध्येच. ब्लूटूथ नसेल आणि मशीन कानामागचं असेल, तर फोन कानाच्या भोकावर नाही, कानामागच्या मायक्रोफोनपाशी धरायचा. शिट्टी वाजली तर थोडा तिरका करायचा.

घड्याळ घेताना दोन गोष्टी बघा : फोन जवळ नसताना ते स्वतः कॉल लावतं का, आणि चार्ज कधी करणार. रात्री काढून ठेवलं तर अंधारात स्वच्छतागृहात जाताना हातात काही नसतं. त्यामुळे चार्जिंग सकाळी, आजी खुर्चीत बसलेल्या असताना. आणि भिंतीला टेकून हळू घसरत खाली बसणं या घड्याळांच्या नजरेतून बऱ्याचदा सुटतं, तेव्हा मदतीचं बटण कुठलं ते आजींकडून आधी पाठ करून घ्या.