मदत हवी आहे : मेडिकेड अर्ज आणि तीन वर्षांपूर्वी नातवाला दिलेली रक्कम

नमस्कार. माझे सासरे अमेरिकेत दोन महिन्यांपासून नर्सिंग होममध्ये (दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रात) आहेत. मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) जास्तीत जास्त १०० दिवसांचाच भार उचलत असल्याने आता मेडिकेडसाठी (कमी उत्पन्न व मालमत्ता असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य मदत) अर्ज करावा लागेल. आमच्या राज्यात अर्जदाराच्या नावे २,००० डॉलरपेक्षा अधिक मोजण्याजोगी मालमत्ता चालत नाही. सासूबाई राहतात ते घर मात्र त्यातून वगळले जाते.

अडचण वेगळीच आहे. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांनी नातवाला १५,००० डॉलर दिले. ही रक्कम भेट-करातील (गिफ्ट टॅक्स) वार्षिक मर्यादेच्या आत असल्याने आम्ही निश्चिंत होतो (आमचे अज्ञान, दुसरे काय!), परंतु मेडिकेड त्या मर्यादेकडे पाहत नाही, अर्जाआधीच्या ६० महिन्यांतील अशा भेटरकमा तपासते आणि त्यांना राज्यातील नर्सिंग होमच्या सरासरी मासिक खर्चाने भागून तितका काळ (दंडकाळ) मदत नाकारते, हे आत्ता कळले.

नातू ६,००० डॉलर परत करू शकतो. अशा अंशतः परतफेडीने दंडकाळ त्या प्रमाणात घटतो, की पूर्ण रक्कम परत आल्याशिवाय तिची दखलच घेतली जात नाही? शिवाय ते पैसे सासऱ्यांच्या खात्यात येताच २,००० डॉलरची मर्यादा ओलांडली जाईल, तेव्हा परतफेड अर्जापूर्वी करावी की नंतर? ज्यांनी ही प्रक्रिया स्वतः पार पाडली आहे, त्यांनी कोणती कागदपत्रे मागितली गेली तेही कृपया कळवावे.