ऑफिसातलं हॅलोवीन – मला फन कमिटीत घेतलंय, मदत करा!

प्रेषक: पार्सिपनीची नवी
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीच्या आपल्या मराठी मंडळाच्या ईमेल लिस्टवर नवीन, फेब्रुवारीत पुण्याहून आले, गणपतीत भर आरतीत ज्या मुलीचा टाळ निसटून मोदकांच्या ताटात पडला ती मीच. तर झालंय असं की आमच्या मॅनेजरने मला न विचारता फन कमिटीत टाकलंय आणि ३१ तारखेचं, म्हणजे शुक्रवारचं, हॅलोवीन आमच्या गळ्यात. चाळीस माणसांचं ऑफिस आहे. कमिटीत तीन जण, पैकी एक बाई सुट्टीवर आणि दुसऱ्याला फक्त फॉग मशीन आणायचंय, बाकी कशात रस नाही.

मला भीती भुतांची नाही, माणसांची वाटतेय. टीममध्ये एक जण आहे जी धार्मिक कारणाने वाढदिवससुद्धा करत नाही, दोघं मुसलमान आहेत, एकाला शेंगदाण्याची जबर ॲलर्जी, आणि दोन-तीन जण असे की त्यांना असलं काही म्हटलं की घाम फुटतो. सगळ्यांना मजा यावी आणि कोणी कोपऱ्यात पडू नये असं काय करता येईल? मी स्वतः शेवटचा वेश चौथीच्या फॅन्सी ड्रेसमध्ये केला होता, भाजीवाली, आणि स्टेजवर कोथिंबीर विसरले म्हणून रडले होते.

प्रेषक: एडिसनचे काका
मंगळवार, १४ ऑक्टोबर

> सगळ्यांना मजा यावी आणि कोणी कोपऱ्यात पडू नये

बाळ, हे आपल्या मंडळाला गेल्या पंचवीस वर्षांत जमलेलं नाही, तू दोन आठवड्यांत करणार म्हणतेस, कौतुक आहे!

गंमत सोड, माझा एक किस्सा ऐक. मी १९९७ला आलो, वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागताना कॉम्प्युटर गडबडतील म्हणून निघालेल्या कामांच्या लाटेत. पहिल्या ३१ ऑक्टोबरला ऑफिसात पोचलो तर शेजारच्या क्यूबिकलमधला टेस्टिंगवाला गायीच्या वेशात, सडांसकट, आणि तसाच स्टेटस मीटिंगला बसला, बग्जचे आकडे वाचून दाखवले, कोणी हसलंही नाही. मी म्हटलं वा, काय मोकळी माणसं आहेत. पुढच्या वर्षी मी ठरवलं आपणही करायचं. वेश विकत घ्यायला पैसे टाकायचं जिवावर आलं, म्हणून धोतर, उपरणं आणि आजोबांची पगडी, जी बाबांनी निघताना दिली होती, ती घालून गेलो. दुसरं बक्षीस मिळालं, पंचवीस डॉलरचं गिफ्ट कार्ड. पहिला नंबर केळ्याचा आला. म्हणजे एक माणूस केळं झाला होता आणि मी माझा आजोबा झालो होतो आणि आम्ही दोघं एका टेबलावर फोटोला उभे.

हसलो, कार्ड घेतलं, घरी आलो. त्यात त्या लोकांची चूक शून्य, मीच त्यांना वेशभूषा म्हणून दाखवली. पण त्या वर्षी मंडळाच्या दिवाळीला पगडी काढायला हात जाईना, हिने विचारलं काय झालं तर मला सांगताही येईना.

तर तुला एकच सांगतो. 'देशोदेशीचे लोक' किंवा 'बॉलिवूड' असली थीम कोणी सुचवली तर तिथेच हाणून पाड. एकाचे कपडे ते दुसऱ्याचं सोंग व्हायला नको. २००८ साली हायडी क्लम ही मॉडेल कालीमाता बनून पार्टीला गेली होती, किती बोंबाबोंब झाली आठवत असेल. थीम ठेवायचीच तर भाज्या ठेव, प्राणी ठेव, स्टेशनरी ठेव. स्टेपलर झालेल्या माणसावर कोणाच्या भावना दुखावत नाहीत.

प्रेषक: प्लेन्सबरोची ताई
बुधवार, १५ ऑक्टोबर

काकांचा पगडीचा किस्सा मी पहिल्यांदाच ऐकतेय आणि आपली ओळख अठरा वर्षांची आहे!

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, तिकडे दर वर्षी हे असतं, त्यामुळे थोडं अनुभवाचं सांगते. फॉग मशीनवाल्याला आधी आवर. आमच्याकडे एका वर्षी कोणीतरी ब्रेकरूममध्ये ते लावलं, दहाव्या मिनिटाला फायर अलार्म, आख्खा मजला पार्किंग लॉटमध्ये, त्यात एक ममी, दोन चेटकिणी आणि थंडीने कुडकुडणारी मी, आणि फायर ब्रिगेडची माणसं आली ती आमच्याकडे बघत बसली. दमा असलेल्यांनाही त्या धुराचा त्रास होतो, ते वेगळंच.

खाण्याचं नीट बघ. कँडी कॉर्न बघायला निरागस दिसतं पण त्यात जिलेटिन असतं, मार्शमेलो आणि बऱ्याचशा गमी गोळ्यांतही, आणि ते बऱ्याचदा डुकराचं, म्हणजे तुमचे मुसलमान सहकारी आणि आपण शाकाहारी दोघंही एका फटक्यात बाद. पाकिटं फेकू नकोस, लेबल दिसेल अशी बाजूला ठेव. शेंगदाणेवालं काही आणूच नकोस, 'वेगळ्या वाटीत ठेवलंय' याला काही अर्थ नाही, चमचे फिरतात. इथे ॲलर्जीच्या मुलांसाठी दारात निळसर-हिरवा भोपळा ठेवतात, त्याचा अर्थ इथे खाऊऐवजी पेन्सिली, स्टिकर असं काहीतरी मिळेल. तसाच एक टेबलावर ठेव. मोठ्या माणसांनाही स्टिकर लागतात गं, आमचे पॅथॉलॉजिस्ट मूठभर घेऊन जातात.

सजावटीत फासावर लटकवलेलं काहीही नको, अगदी सांगाडासुद्धा. या देशात काळ्या लोकांना झाडाला लटकवून मारलंय, तो दोर बघून कोणाच्या पोटात काय कालवाकालव होईल ते आपल्याला बाहेरून आलेल्यांना पटकन कळत नाही, मला कळायला पाच वर्षं लागली.

आणि जी करत नाही तिला त्या दिवशी नाही, आत्ता विचार, एकटीला गाठून. 'तू येणार का' असं नको, 'हे या वेळी या खोलीत आहे, तुझं काम नीट चालावं म्हणून मी काय करू' असं विचार. कारण विचारायचं नाही. पार्टी डेस्कांच्या मधे नको, मागच्या कॉन्फरन्स रूममध्ये ठेव म्हणजे ज्याला नको त्याला आपल्याच जागेवर बसून चोरासारखं वाटणार नाही. त्या तासात कसलीही मीटिंग नको, कारण मग न आलेला माणूस मीटिंगलाही न आलेला ठरतो.

प्रेषक: जर्सी सिटी
बुधवार, १५ ऑक्टोबर

एक विरोधी सूर लावतो, रागावू नका. आपण एवढं सगळं त्यांच्या सणासाठी करायचं आणि गेल्या वर्षी ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती, पहाटे अभ्यंगस्नान करून मी ऑफिसला गेलो तर तिथे कोणाला पत्ता नाही, उलट मला विचारतात तुझा कॉस्च्यूम कुठे. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी १ नोव्हेंबरला पहिल्यांदा दिवाळीची सुट्टी दिली तेवढंच समाधान. आधी त्यांना आपली दिवाळी करू देत.

प्रेषक: मूळची वेंगुर्ल्याची, हल्ली प्रिन्स्टन
बुधवार, १५ ऑक्टोबर (रात्री उशिरा, झोप येत नाही म्हणून)

जर्सी सिटी, अरे त्यांचा तरी कुठे मूळचा आहे? आयर्लंडचे लोक घेऊन आले, तिकडे ते सलगम कोरून त्यात दिवा लावायचे, इकडे भोपळा मोठा आणि कोरायला मऊ, म्हणून भोपळा. सगळ्या संतांच्या दिवसाची, म्हणजे १ नोव्हेंबरची, आदली रात्र, आणि त्याच्याही आधीचा केल्टिक लोकांचा सुगी संपून थंडी लागायचा सण. परदेशात येऊन आपल्या सणाला इथली भाजी वापरणं हे आपण सोडून कोणी केलंच नाही असं नाही!

आणि भुतं म्हणशील तर आम्हाला कोणी शिकवू नये. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगाव नरकासुर करतात, पोरं रात्रभर जागतात, पहाटे जाळतात. माझ्या आजोळी वेतोबाला दर वर्षी चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि वहाणा झिजतात. हे मी ऑफिसात एकदा सांगितलं तर पुढचा अर्धा तास कोणी जेवायला उठेना.

म्हणून पार्सिपनीच्या मुली, माझी सूचना: वेश ज्याला करायचा तो करेल, पण मुख्य कार्यक्रम भुतांच्या गोष्टींचा ठेव. प्रत्येकाने आपल्या गावचं एक भूत सांगायचं, तीन मिनिटं. ज्याला सांगायचं नाही त्याने ऐकायचं. पैसे लागत नाहीत, दिसण्याचा प्रश्न नाही, आणि जो माणूस एरवी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही तो आजीच्या भुताबद्दल बोलताना कसा खुलतो बघ.

प्रेषक: पार्सिपनीची नवी
रविवार, २ नोव्हेंबर

मंडळी, झालं! अलार्म वाजला नाही!

आधी मुद्द्याचं. जी करत नाही तिला मी १६ तारखेलाच विचारलं. ती म्हणाली, मी शुक्रवारी घरून काम करते, आणि थँक यू, दर वेळी मला त्या दिवशी सकाळी कळतं आणि मग मी आजारी पडते. एवढंच बोलली. मला इतकं कसंतरी झालं.

फॉग मशीनवाल्याला दिव्यांचं खातं दिलं, त्याने नारिंगी दिव्यांच्या माळा इतक्या लावल्या की मला लक्ष्मी रोडची आठवण आली. वेश साधारण निम्म्यांनी केले. एक जण प्रिंटर झाली होती, पोटावर 'पेपर जॅम'.

गोष्टींसाठी तासभर ठेवला होता, दीड तास चालला. मेक्सिकोचा एक सिनियर आहे, त्याने 'ला योरोना' सांगितली, पोरांना नदीत बुडवून आता काठाकाठाने रडत फिरणारी बाई, आणि म्हणाला आई आम्हाला अंधारात नदीवर जाऊ नये म्हणून सांगायची. फिलिपिन्सच्या मुलीने कमरेतून दोन तुकडे होऊन वरचा अर्धा उडत जाणारी सांगितली, तेव्हा आमचा फायनान्सवाला खरंच खुर्ची मागे घेऊन बसला. मी हडळ सांगितली, उलट्या पायांची. तर जपानी कलीग हळूच म्हणाला, आमच्या भुतांना पायच नसतात. मग टेबलावर वादच, पाय नसलेलं भूत जास्त भीतीदायक की उलटे असलेलं, मत घेतलं, आपण जिंकलो.

बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, हा भाग मी सांगितला नाही. टेबलावर एक जण होती, तिचं गेल्या वर्षीचं मला माहीत होतं. उलटे पाय पुरेसे होते.

आणि हो, घारगे केले! कोरायचा मोठा भोपळा नुसता पाणचट निघतो, हे एक किलो पीठ वाया घालवून कळलं, मग छोटा, खायचा 'पाय पंपकिन' (पाय म्हणजे pie, हडळीचे नव्हेत) आणला, किसून गुळात शिजवला, तेव्हा फुगले. शेंगदाणा नाही, जिलेटिन नाही, अंडं नाही, लेबल मी हाताने लिहिलं. पाच वाजता डबा रिकामा.

प्रेषक: जर्सी सिटी
रविवार, २ नोव्हेंबर

बरं बरं, हरलो. पुढच्या वर्षी दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, आमच्या ऑफिसात करायचं म्हणतोय, नरकासुरापासून सुरू करतो. वेंगुर्लेकर ताई, फोन करू का?

प्रेषक: एडिसनचे काका
रविवार, २ नोव्हेंबर

> मी हडळ सांगितली, उलट्या पायांची

नुसती सांगितली की केली पण?

प्रेषक: पार्सिपनीची नवी
रविवार, २ नोव्हेंबर

केली ना काका! लांब काळा स्कर्ट, आणि थ्रिफ्ट स्टोअरमधून चार डॉलरचे बूट आणून त्यांचे पुढचे अर्धे भाग कापून माझ्या बुटांच्या टाचांना डक्ट टेपने लावले. जिन्यावर मात्र काढून हातात घ्यावे लागले. बक्षीस ठेवलंच नव्हतं, पण केळं होऊन कोणी आलं नव्हतं एवढं सांगते.