जुन्या डिझेल गाडीचं ऑइल गळून रायलं, मागची सील का आणखी काही? संत्र्याच्या सीझनआधी मदत हवी आहे

नमस्कार राजेहो. वरूडकडचा आहे मी. घरची सहाचाकी मिनी ट्रक गाडी आहे, २००१ ची, साधं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, टर्बो वगैरे काही नाही. बाबांनी सेकंडहँड घेतली होती, आता मीच चालवतो. आमच्या अन् शेजारच्या दोन-तीन वावरांतला संत्रा नागपूरले कळमन्याच्या बाजारात न्यायचा हा मेन धंदा, मधात खत-सोयाबीनची भाडी.

प्रॉब्लेम असा की इंजिन ऑइल गळून रायलं. इंजिन अन् गेअरबॉक्स जोडते तिथं बेल हाऊसिंगले खाली भोक असते ना, तिथून थेंब-थेंब पडते, रात्रभर गाडी उभी राहिली तर सकाळी ताटाएवढा डाग. नागपूर जाऊन-येऊन दोनशेक किलोमीटर होते, तेवढ्यात ऑइल मोजायच्या गेजपट्टीवर अर्धा लिटर कमी. मिस्त्री म्हणे क्रँकची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) मागची, ऑइल अडवणारी सील गेली. श्रावणात गेअरबॉक्स उतरवला, क्लच-फ्लायव्हील खोललं, नवी सील टाकली, मजुरी धरून साडेचार हजार लागले. पंधरा दिवस कोरडं ठाक होतं अन् मंग पुन्हा सुरू. आता तोच मिस्त्री म्हणते इंजिनच थकलं, रिंगा-पिस्टन-बोअर सगळं करा, चाळीस हजार सांगून रायला अन् आठ-दहा दिवस गाडी उभी राहीन म्हणते.

आंबिया बहाराचा, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामाचा संत्रा तुटायले आलाय. ह्या वक्ताले गाडी उभी करणं म्हणजे सगळं वर्ष हातचं गेल्यासारखं आहे, अन् भाड्याची गाडी करावं तर सीझनमधे ती वेळेवर भेटत नाही. गाडी ओढते चांगली, माल भरून चढावर दम तोडत नाही, क्लच घसरत नाही. सकाळी सुरू करताना जरासा धूर येते, गरम झाली की बंद. बाबा रोज उठल्याबरोबर आधी गाडीखालचा पुठ्ठा पाहतात, काही बोलत नाहीत, पण मले समजते. खरंच इंजिन उतरवायची वेळ आली का? उतरवायच्या आधी घरी काही तपासता येईन का?

अकोटचा ड्रायव्हर: भाऊ पहिले हे पाहा का पडून रायलं ते इंजिनचंच ऑइल आहे का गेअरबॉक्सचं. गेअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टची सील गेली तरी त्याच भोकातून गळते. बोटावर घेऊन वास घ्या. गेअर ऑइल जाड असते अन् त्याले गंधकासारखा घाण वास येते, इंजिनचं काजळीनं काळं असते, हाताले शाई लागल्यासारखं.

हिंगणघाटचा जुना मिस्त्री: तीस वर्षं ह्याच गाड्यांत गेली माझी म्हणून सांगतो, इंजिन खोलू नका अजून. तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट मले खटकली. नवी सील पंधरा दिवस टिकली अन् मंग गळाली. सील उलटी-तिरपी बसली असती तर पहिल्याच दिवशी गळाली असती. कोरडी राहून मंग गळते तेव्हा दोन गोष्टी पाहायच्या. एक तर जुन्या सीलनं क्रँकवर जिथं घासून खाच पाडली तिथंच नवी सील बसवली, किंवा मंग इंजिनच्या पोटात प्रेशर साचून रायलं अन् ते ऑइलले बाहेर ढकलून रायलं.

प्रेशर कावून साचते ते समजून घ्या. पिस्टनच्या बाजूनं थोडी हवा खाली चेंबरमधे (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतेच, नव्या इंजिनातही उतरते. ती बाहेर जायले ब्रिदर असते, टॅपेट कव्हरापासून (इंजिनच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या झाकणापासून) निघून खाली जमिनीकडे सोडलेली नळी. ती बंद झाली का हवा रस्ता शोधते, मंग जिथं पॅकिंग कमजोर तिथून ऑइल घेऊन निघते. अशा वक्ताले कितीही सीला बदला, टिकत नाहीत. म्हणून ब्रिदरची नळी पहिले काढा, फुंकून पाहा, आतून गाळ साफ करा. ते झाल्यावर गाडी गरम करून आयडलवर ठेवा, ऑइल टाकायची टोपी काढून उलटी करून नुसती ठेवा. टोपी उडून पडली, भसाभसा धूर आला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजून हवा जास्तच खाली उतरून रायली, मंग रिंगांचं बोलू. जरा-जरा हलली तर काही नाही.

दुसरं, भोकापाशी थेंब दिसला म्हणजे आतूनच आला असं धरू नका. ऑइल वरून खाली येते अन् चालत्या गाडीच्या वाऱ्यानं मागं जाते. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून गळालं तर इंजिनच्या पाठीवरून उतरून बरोबर तिथंच टपकते. इंजिनची मागची बाजू, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टरची बूड, अल्टरनेटरच्या मागच्या व्हॅक्यूम पंपाची ऑइल नळी, सगळं डिझेलनं धुवा, पुसून वाळू द्या अन् अंगाले लावायची पावडर भुरभुरवा. पंधरा-वीस किलोमीटर फिरून या. जिथून ओघळ सुरू झाला तिथं पावडर काळी होते, अन् सगळ्यात वरचा डाग असन तोच खरा. भोकातून तारेले चिंधी बांधून आतही पुसून पाहा. धुताना इंजिन थंड पाहिजे, गरम सायलेंसरपाशी डिझेल नेऊ नका.

वरूडवाला (धागाकर्ता): काका, तुमचे पाय धरावे वाटले. वास घेतला, इंजिनचंच ऑइल आहे. ब्रिदरची नळी काढली तर खालच्या तोंडाले चिखलाचा पक्का गोळा! कुंभारीण माशीचं घर. मृग बहाराचा, म्हणजे संत्र्याच्या दुसऱ्या हंगामाचा माल संपल्यावर उन्हाळाभर गाडी लिंबाखाली उभी होती, तेव्हाच बांधलं असन. त्याच्या वर ऑइलचा गाळ जमून गोंदासारखा झाला होता, फुंकलं तर गाल दुखले पण हवा जाईना. साफ केली, टोपीची टेस्ट केली, टोपी जागेवरच जराशी थरथरते, धूर नावाले. मंग पावडर लावून मोर्शी रोडनं फिरून आलो. मागून टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यातून सरळ काळी लाइन खाली उतरलेली. भोकाच्या आतली चिंधी ओलसर निघाली, पण निथळत नव्हती.

हिंगणघाटचा जुना मिस्त्री: म्हणजे रिंगा बऱ्या आहेत. टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवं टाका, जुन्याचा तुकडा न् तुकडा खरवडून काढा, दोन्ही तोंडं पुसून कोरडी करा. वरून सिलिकॉन थापू नका, जास्तीचं आत गळून चेंबरच्या जाळीत अडकते अन् ऑइल पंपाले ऑइल भेटत नाही, असं इंजिन बसलेलं पाहिलं मी. बोल्ट गच्च आवळू नका, पत्रा वाकते अन् मंग तिथूनच गळते. सीलले आता हात लावू नका, प्रेशर गेलं का बरंच थांबन. चार फेऱ्या करा, गेजपट्टी पाहून सांगा.

वरूडवाला (धागाकर्ता): पाच फेऱ्या झाल्या काका, हजारेक किलोमीटर, सगळा मिळून पाव लिटर कमी झाला. पुठ्ठ्यावर रात्रीतून दोन-तीन थेंब, बस. पॅकिंगचा खर्च दोनशेच्या आतच आला. सीलचं उन्हाळ्यात पाहीन, गेअरबॉक्स उतरवला का क्रँकवरची खाच बोटानं चाचपून, मंग नवी सील दोन-तीन मिलिमीटर पुढं-मागं बसते का ते विचारीन. आता नळीच्या तोंडाले बारीक जाळी बांधू का, पुन्हा माशी शिरू नये म्हणून?

हिंगणघाटचा जुना मिस्त्री: जाळी नको, ऑइलनं चिकटून तीच बंद होईन. गाडी जास्त दिवस उभी ठेवायची असन तेव्हाच तोंडाले चिंधी बांधजा, अन् सुरू करायच्या आधी आठवणीनं काढजा.

वरूडवाला (धागाकर्ता): बरं काका. लाल चिंधी बांधतो अन् गाडीची चाबी त्याच चिंधीले अडकवून ठेवतो.