मदत हवी आहे : सन्मानपत्राच्या वळणदार फॉन्टमध्ये अक्षरे मोडत आहेत

अंबाजोगाईकर : आमच्या शाळेतून निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांना मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, म्हणजे १७ सप्टेंबरला, सन्मानपत्र द्यायचे आहे. मजकूर तयार आहे. मात्र सुलेखनाच्या वळणाचा फॉन्ट लावताच अक्षरे मोडतात. छापखान्याला परवा फाइल द्यायची असल्याने दुसरा चांगला फॉन्ट त्वरित सुचवावा.

गोदाकाठ : 'मोडतात' म्हणजे नेमके काय होते, फॉन्ट कोणता आणि मांडणी कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केली आहे, हे कळल्याशिवाय काय सुचवणार?

बोरूबहाद्दर : तिरका काप दिलेल्या बोरूने हाताने लिहून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. फॉन्टमधला प्रत्येक 'म' दुसऱ्या 'म'सारखाच निघतो. हाताने लिहिताना तो शेजारच्या अक्षराकडे पाहून बदलतो.

खिळेजुळारी : आणि नावात काना चुकला, तर अख्खा कागद वाया! युनिकोडचा, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेताचा, हट्ट सोडून जुन्या फॉन्टमध्ये टंकून घ्या. आमच्या छापखान्यात आजही तेच चालतात.

गोदाकाठ : त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. दोन दिवसांवर काम आले असताना ही जोखीम कशाला?

मोडीप्रेमी : सन्मानपत्र मोडीतच का करत नाही? २०१४ पासून मोडीलाही युनिकोडमध्ये स्थान आहे.

अंबाजोगाईकर : मोडी खुद्द सत्कारमूर्तींनाच वाचता येत नाही. फॉन्ट 'अमिता' असून काम कोरल ड्रॉ एक्स-३ मध्ये आहे. 'शिक्षक'मधली वेलांटी 'श'च्या पुढे जाऊन बसते, 'विद्यार्थ्यांच्या' या शब्दाची जोडाक्षरे सुटतात आणि शीर्षकाची शिरोरेखा जागोजागी तुटते. 'कलम' आणि 'यात्रा वन' लावूनही तेच झाले.

गोदाकाठ : म्हणजे दोष फॉन्टचा नाही. एक्स-३ ही २००६ ची आवृत्ती आहे आणि तिला देवनागरीची जुळणी कळत नाही. ती सोय २०१२ च्या एक्स-६ पासून आली. मजकूर इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकून 'अमिता' लावावा, अक्षरांचे पाथ करावेत, म्हणजे मजकुराचे नुसत्या रेषांच्या आकृत्यांत रूपांतर करावे, आणि ती एसव्हीजी (रेखाकृतींची) फाइल कोरलमध्ये आणावी. पाथ केल्यावर अक्षर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ प्रत वेगळी जपावी. शीर्षकात अक्षरांमधले अंतर वाढवले होते का? इंग्रजीत ते खपते, देवनागरीत शिरोरेखेला खिंडारे पडतात. 'यात्रा वन' मात्र विसरा. तो मुंबईच्या लोकल स्थानकांवरील रंगवलेल्या पाट्यांवरून घडवला आहे, त्यात सन्मानपत्र केल्यास मुख्याध्यापकांना गाडीची वेळ झाल्यासारखे वाटेल.

अंबाजोगाईकर : होय, शीर्षक भरदार दिसावे म्हणून अंतर वाढवले होते. ते शून्यावर आणले. इंकस्केपमध्ये वेलांटीही जागेवर आली. नावाचे शुद्धलेखन उद्या शाळेत तपासून मगच पाथ करीन.

बोरूबहाद्दर : निदान नावापुरती जागा मोकळी ठेवा. तेवढे मी बोरूने लिहून देतो, आणि काना चुकणार नाही.